विमानांचें संग्रहालय आणि उडते वैद्य

सहलीचा विषय निघाला म्हणजे विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें किल्ले, लेणीं, धबधबे आणि समुद्र हींच बहुधा उभीं राहतात. वस्तुसंग्रहालयाचें नांव कोणी काढलें तर पुष्कळांचीं तोंडें उतरतात. कारण कांचेच्या पेटींत ठेवलेल्या मुक्या वस्तु पाहण्यांत काय आनंद, असा त्यांचा समज असतो. विमानांच्या संग्रहालयास मात्र हा आक्षेप लागू पडत नाहीं. तेथील वस्तु एके काळीं आकाशांत गर्जत होत्या. त्यांच्या पंखांखालून पर्वत आणि सागर सरकले आहेत. आणि त्यांच्यापैकीं कित्येकींनीं मरणाच्या दारांतून माणसें परत आणिलीं आहेत. अशा संग्रहालयांत काय पहावें, तें कोणत्या दृष्टीनें पहावें, आणि विमानविद्येची जी शाखा रुग्णांच्या सेवेस लागली आहे तिची घडण कशी झाली, हें या लेखांत सांगावयाचें आहे. ज्या जिल्ह्यांत पावसाळ्यांत एखादा नाला दोन गांवांमधील वाट दिवसभर अडवून धरतो, त्या जिल्ह्यांतील मुलांस व पालकांस हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं.

आपल्या सहलीचे दोन भाग कल्पूं. पहिला भाग प्रत्यक्ष जातां येईल असा, गोव्याचा. दुसरा मनानें करावयाचा, ऑस्ट्रेलिया खंडाच्या मध्यभागाचा.

गोव्यांतील संग्रहालय

यवतमाळकडील मंडळींनीं धामणगांव किंवा बडनेरा येथें आगगाडी धरावी, मुंबईस जावें, आणि तेथून कोंकण रेल्वेनें मडगांव गांठावें. ही कोंकण रेल्वे इ. स. १९९८ च्या जानेवारींत संपूर्ण खुली झाली. आणि योगायोग असा कीं, त्याच वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यांत वास्कोजवळ, दाबोळी विमानतळाच्या लगत, बोगमाळोच्या रस्त्यावर भारतीय नौदलाचें विमानसंग्रहालय लोकांकरितां उघडण्यांत आलें.

ज्या भूमीवर हें संग्रहालय उभें आहे तिचाहि इतिहास ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. दाबोळीची धांवपट्टी पोर्तुगीज सरकारनें गेल्या शतकाच्या सहाव्या दशकांत बांधली. १८ डिसेंबर १९६१ रोजीं गोवामुक्तीच्या मोहिमेंत भारतीय वायुदलाच्या कॅनबेरा विमानांनीं तिच्यावर बाँब टाकून ती निकामी केली, आणि दुसऱ्या दिवशीं गोवा स्वतंत्र झाला. पुढें १९६४ सालीं नौदलाच्या वैमानिकांचें ठाणें दक्षिणेंतून येथें आलें. तेव्हां ज्या पट्टीवर एके काळीं परकी सत्तेचीं विमानें उतरत होतीं, तिच्याच शेजारीं आज आपल्या विमानांचा हा विश्रामबाग वसला आहे.

संग्रहालयाचे दोन भाग आहेत. बाहेरच्या मोकळ्या आवारांत खरीं विमानें मांडलेलीं आहेत. आंतील इमारतींत यंत्रें, शस्त्रें, नौकांच्या प्रतिकृति व छायाचित्रें आहेत. घाईनें फिरणाऱ्यास सर्व विमानें सारखींच दिसतात. परंतु एकेका विमानापाशीं थांबून "याचा आकार असा कां?" असा प्रश्न केला, तर प्रत्येक विमान उत्तर देऊं लागतें.

प्रथम सीलँड हें विमान घ्या. भारतीय नौदलाच्या मालकीचें पहिलें विमान याच जातीचें. तें १९५३ सालीं कोचीस आलें. याचें पोट होडीच्या तळासारखें आहे, आणि त्याला चाकेंहि आहेत. कारण उघड आहे: हें विमान पाण्यावर उतरतें व जमिनीवरहि उतरतें. बेडकास आपण उभयचर म्हणतों, तसेंच हें उभयचर विमान होय.

मग सीहॉक पहावें. याचे पंख मधोमध बिजागरीनें दुमडतात. जमिनीवर राहणाऱ्या विमानास अशी सोय कशाला लागेल? परंतु सीहॉकचें घर जहाजाच्या पोटांत होतें. आपली पहिली विमानवाहू नौका 'विक्रांत' ४ मार्च १९६१ रोजीं नौदलांत दाखल झाली. तिची लांबी सुमारें सातशें फूट. एवढ्याच जागेंतून विमानांनीं उडावयाचें व तेथेंच परत उतरावयाचें. उडतांना वाफेच्या जोरावर चालणारें एक यंत्र विमानास गोफणींतील धोंड्याप्रमाणें पुढें फेकी. उतरतांना विमानाच्या शेपटाखालचा आंकडा जहाजावर आडव्या ताणलेल्या पोलादी तारेंत अडके आणि विमान क्षणांत थबके. संग्रहालयांतील सीहॉकचा तो आंकडा अवश्य पहावा. तो हातभर लोखंडाचा तुकडा नसता, तर वैमानिकास समुद्राखेरीज दुसरी जागा नव्हती. १९७१ च्या युद्धांत 'विक्रांत'वरून उडालेल्या सीहॉक व आलिझे या विमानांनीं चितगांव व कॉक्स बझार या बंदरांवर हल्ले केले. तीं दोन्हीं जातींचीं विमानें येथें शेजारीं शेजारीं विसांवा घेत आहेत. खुद्द 'विक्रांत' कांहीं वर्षें मुंबईस तरंगतें संग्रहालय म्हणून उभी होती. परंतु तिचें जतन होऊं शकलें नाहीं, आणि २०१४ सालीं ती मोडण्यांत आली. म्हणून जें राहिलें आहे तें डोळे भरून पहावें.

आवारांतील सर्वांत भव्य विमान म्हणजे सुपर कॉन्स्टेलेशन. त्याला चार पंखे व तीन उभीं शेपटें आहेत. एवढ्या मोठ्या विमानास एकच उंच शेपूट दिलें असतें, तर तें त्या काळच्या विमानगृहांच्या दारांत मावलें नसतें. म्हणून एका उंच शेपटाचें काम तीन ठेंगण्या शेपटांत वांटून दिलें. याच घराण्यांतील जरा लहान विमानानें ८ जून १९४८ रोजीं मुंबईहून कैरो व जिनेव्हा या मार्गें लंडनला पहिली भारतीय प्रवासी फेरी केली होती. सी हॅरियर या विमानाची तऱ्हा आणखी निराळी. त्याच्या यंत्रांतून निघणारा झोत बाहेर टाकणाऱ्या चार तोट्या फिरवितां येतात. तोट्या खालीं वळविल्या कीं विमान जागच्या जागीं तरंगतें, मागें वळविल्या कीं पुढें धांवतें. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचें याहून ठळक उदाहरण शाळेच्या प्रयोगशाळेंत मिळणें कठीण.

या सर्व योद्ध्यांच्या मेळ्यांत एक लहानसें, बसक्या बांध्याचें हेलिकॉप्टर आहे. त्याचें नांव 'चेतक'. फ्रान्समधील मूळ आराखड्यावरून हें हेलिकॉप्टर बंगलोरच्या कारखान्यांत १९६५ पासून तयार होऊं लागलें. यांत वैमानिकासह सात माणसें बसतात; किंवा बैठका काढून दोन रुग्णांचे स्ट्रेचर आंत घेतां येतात. बाजूस एक चरकी असून तिच्या दोरानें, समुद्रांत बुडणाऱ्या किंवा पुरांत अडकलेल्या मनुष्यास खालीं न उतरतां वर ओढून घेतां येतें. बाकीचीं विमानें कोणत्या लढाईंत होतीं हें फलकावर वाचावें. चेतकनें मात्र एक निराळीच लढाई केली आहे, आणि ती मृत्यूशीं आहे. येथून आपल्या सहलीचा दुसरा भाग सुरू होतो.

ऑस्ट्रेलियाचें ओसाड मध्य

ऑस्ट्रेलिया खंडाचा मध्यभाग म्हणजे तांबड्या मातीचें, विरळ झुडपांचें, पाण्यावांचून तळमळणारें विस्तीर्ण मैदान. तेथें गुरांचीं मोठमोठीं कुरणें आहेत. एका घरापासून दुसरें घर शेंकडों किलोमीटर दूर. विसाव्या शतकाच्या आरंभीं या जवळजवळ वीस लक्ष चौरस किलोमीटरांच्या प्रदेशास मिळून अवघे दोन डॉक्टर होते. आपल्या यवतमाळ जिल्ह्याचें क्षेत्रफळ सुमारें साडेतेरा हजार चौरस किलोमीटर आहे. अशा सुमारें दीडशें जिल्ह्यांस दोन वैद्य, अशी ती स्थिति होती.

त्या स्थितींत काय घडे, हें १९१७ सालच्या एका प्रसंगावरून कळेल. जिमी डार्सी नांवाचा एक गुराखी घोड्यावरून पडून आंत जबर दुखावला. सोबत्यांनीं त्याला हॉल्स क्रीक या गांवीं आणलें. तेथें डॉक्टर नव्हता. होता तो एक पोस्टमास्तर, टकेट नांवाचा, ज्यानें प्रथमोपचाराचे धडे घेतले होते. टकेटनें तारायंत्रावरून सुमारें तीन हजार किलोमीटर दूर असलेल्या पर्थ शहरांतील डॉ. हॉलंड यांस गांठलें. शस्त्रक्रिया केल्यावांचून गत्यंतर नाहीं, असें डॉक्टरांनीं कळविलें. तारेवर एकेक सूचना येत होती, आणि टकेट साध्या चाकूनें ती अमलांत आणीत होता. पुढें डॉ. हॉलंड स्वतः गुरांच्या बोटीनें, मग मोटारनें, शेवटीं घोडागाडीनें व पायीं असा प्रवास करून बऱ्याच दिवसांनीं तेथें पोहोंचले. आदल्याच दिवशीं डार्सीचा अंत झाला होता.

हा प्रसंग सर्व देशभर वर्तमानपत्रांतून वाचला गेला. डॉक्टर होता, ज्ञान होतें, इच्छा होती, तार सुद्धां होती. नव्हतें तें एकच: अंतर तोडणारें वाहन.

रेव्हरंड जॉन फ्लिन यांची कल्पना

याच ओसाड प्रदेशांत प्रेस्बिटेरियन मंडळीचे एक धर्मोपदेशक रेव्हरंड जॉन फ्लिन काम करीत होते. त्यांचा जन्म १८८० चा. १९१२ पासून ते त्या मंडळीच्या अंतर्भागांतील सेवाकार्याचे प्रमुख होते, आणि ठिकठिकाणीं लहान शुश्रूषागृहें स्थापून परिचारिका नेमीत होते. परंतु दूरच्या रुग्णास शुश्रूषागृहापर्यंत आणावयाचें कसें, हा प्रश्न त्यांना अहोरात्र छळीत असे. १९१७ च्या नोव्हेंबरांत त्यांना क्लिफर्ड पील या तरुण सैनिकाचें एक पत्र आलें. पील वैद्यकाचा विद्यार्थी होता व पहिल्या महायुद्धांत वैमानिक होण्यास निघाला होता. विमानांतून डॉक्टर नेण्याची योजना, विमानतळ कोठें असावेत, खर्च किती येईल, याचा सर्व तपशील त्यानें मांडला होता. पुढल्याच वर्षीं तो फ्रान्सच्या रणभूमीवर मरण पावला. आपल्या पत्राचें काय झालें हें त्याला कधींच कळलें नाहीं.

फ्लिन यांनीं तें पत्र छापून प्रसिद्ध केलें आणि दहा वर्षें तीच एक गोष्ट ते लोकांस सांगत राहिले. शेतीचीं यंत्रें बनविणारे कारखानदार ह्यू व्हिक्टर मॅके यांनीं मृत्युपत्रांत दोन हजार पौंड या कामास ठेविले. क्वांटास या तेव्हांच्या लहानशा विमानकंपनीनें दर मैलास दोन शिलिंग या भाड्यानें एक विमान देण्याचें कबूल केलें. अखेर मे १९२८ मध्यें क्लॉनकरी या गांवीं उडत्या वैद्यांची संस्था सुरू झाली, आणि १७ मे रोजीं डॉ. वेल्च हे वैमानिक अफ्लेक यांजबरोबर जूलिया क्रीक येथील रुग्णांकडे पहिल्यांदा उडून गेले. तें विमान लांकूड, कापड व तारा यांचें. दिशा दाखविण्यास एक होकायंत्र. बाकी वाटाड्या म्हणजे खालचे नदीनाले, कुंपणें आणि तारेचे खांब. पहिल्या वर्षांत पन्नास फेऱ्या झाल्या, सुमारें वीस हजार मैल प्रवास घडला आणि सव्वादोनशें रुग्णांवर उपचार झाले.

आज ही संस्था 'रॉयल फ्लाईंग डॉक्टर सर्व्हिस' या नांवानें ओळखली जाते, आणि तिच्याजवळ ऐंशींहून अधिक विमानें आहेत. मध्य ऑस्ट्रेलियांतील आलिस स्प्रिंग्ज या गांवीं तिच्या १९३९ सालच्या जुन्या ठाण्यांत एक सुंदर संग्रहालय आहे. येथें आजच्या वैद्यकीय विमानाची हुबेहूब पोकळ प्रतिकृति असून तींत शिरून रुग्णाची जागा, प्राणवायूची सोय व परिचारिकेची बैठक पाहतां येते. जुनीं बिनतारी यंत्रें, औषधपेट्या व छायाचित्रें यांनीं दालनें भरलेलीं आहेत.

तीन वस्तु

या संग्रहालयांतील तीन वस्तूंकडे विशेष लक्ष द्यावें. कारण उडता वैद्य म्हणजे केवळ विमान नव्हे, हें त्या तिघी मिळून शिकवितात.

पहिली वस्तु पायानें फिरवावयाचें बिनतारी यंत्र. विमान तयार होतें; परंतु दूरच्या कुरणांतील घरानें डॉक्टरास हांक कशी मारावी? तेथें वीज नव्हती. ॲडिलेडचा आल्फ्रेड ट्रेगर नांवाचा एक कल्पक कारागीर फ्लिन यांस मिळाला. त्यानें सायकलीसारखे पायटे बसवून विद्युज्जनक यंत्र फिरविण्याची युक्ति काढली. पायानें वीज उत्पन्न करावी, आणि हात संदेश पाठविण्यास मोकळे रहावेत, अशी ती योजना. १९२९ सालीं असलीं यंत्रें क्लॉनकरीच्या परिसरांतील घरांत बसूं लागलीं. आरंभीं मोर्सच्या टिंब-रेघांच्या भाषेंतच संदेश जात. ती भाषा न येणाऱ्या गृहिणीसाठीं ट्रेगरनें अक्षरांच्या कळा असलेलें यंत्र केलें; पुढें प्रत्यक्ष आवाजच जाऊं लागला. याच बिनतारी जाळ्यावरून १९५१ सालीं आलिस स्प्रिंग्ज येथें 'आकाशशाळा' सुरू झाली. शेंकडों किलोमीटर दूर राहणारीं मुलें आपापल्या घरीं बसून एकाच शिक्षिकेचा पाठ ऐकूं लागलीं व उत्तरें देऊं लागलीं.

दुसरी वस्तु औषधपेटी. १९४२ पासून दूरदूरच्या घरीं व ठाण्यांवर एकसारख्या पेट्या ठेवण्यांत आल्या. तींतील प्रत्येक औषधास नांवाबरोबर अंक दिलेला. डॉक्टर बिनतारी यंत्रावरून विचारी, "दुखतें कोठें?" घरच्या माणसानें शरीराच्या आंकडे घातलेल्या चित्रांत पाहून भागाचा अंक सांगावा, डॉक्टरानें अमुक अंकाची गोळी इतक्या वेळां द्या, असें सांगावें. लांबलचक लॅटिन नांवें उच्चारण्याची कटकट नाहीं, आणि एका औषधाऐवजीं दुसरें देण्याची भीति नाहीं. कित्येक रुग्ण या पेटीवरच बरे होत. विमान पाठविण्याचें कारणच पडत नसे.

तिसरी वस्तु म्हणजे खुद्द विमान. आणि त्याची जागा तिसरी आहे हें विसरूं नये. वार्ता कळली नाहीं तर विमान कोठें जाणार? आणि विमान येईतों रुग्णास संभाळणारें कोणी नसेल, तर तें येऊन काय करणार?

वार्तेचें महत्त्व केवढें, याचा करुण पुरावा त्याच गांवांतील दुसऱ्या संग्रहालयांत आहे. एडी कॉनेलन या वैमानिकाच्या जुन्या विमानगृहांत मध्य ऑस्ट्रेलियाचें विमानसंग्रहालय भरविलेलें आहे, आणि तेथें 'कूकाबरा' या लहान विमानाचे अवशेष ठेवलेले आहेत. १९२९ च्या एप्रिलांत 'सदर्न क्रॉस' नांवाचें प्रसिद्ध विमान हरवलें असतां त्याच्या शोधार्थ अँडरसन व हिचकॉक हे दोघे 'कूकाबरा'मधून निघाले. तनामीच्या वाळवंटांत यंत्र बिघडून त्यांस उतरावें लागलें. त्यांच्याजवळ बिनतारी यंत्र नव्हतें व पाणी अगदीं थोडें होतें. झुडपांनीं व वाळूनें त्यांस पुन्हा उडूं दिलें नाहीं. तहानेनें दोघांचाहि अंत झाला. ज्यांस शोधावयास ते निघाले होते ते 'सदर्न क्रॉस'चे लोक मात्र सुखरूप सांपडले. विमानाचा सांगाडा वाळवंटांत पडून होता. तो १९७८ सालीं पुन्हा शोधून काढण्यांत आला. ज्या वर्षीं हे दोघे हांक मारतां न आल्यामुळें मेले, त्याच वर्षीं ट्रेगरचीं यंत्रें घरोघर बसूं लागलीं होतीं.

रुग्ण आकाशांत गेला म्हणजे

रुग्णास विमानांत घालून नेणें म्हणजे त्याला मोटारींतून नेण्यासारखेंच, असें पुष्कळांस वाटतें. तें तसें नाहीं. आपण जसजसे वर जातों तसतसा हवेचा दाब कमी होतो. समुद्रसपाटीस पाऱ्याचा स्तंभ ७६० मिलिमीटर उंच असतो. आठ हजार फुटांवर तो सुमारें ५६५ मिलिमीटरांवर येतो. बॉइलच्या नियमाप्रमाणें दाब कमी झाला कीं वायूचें आकारमान वाढतें. म्हणून जमिनीवर जी हवा शंभर घनसेंटिमीटर जागा व्यापी, तीच या उंचीवर सुमारें एकशें पस्तीस घनसेंटिमीटर जागा मागते. निरोगी मनुष्याच्या कानांस दडे बसतात एवढेंच. परंतु छातीस मार लागून ज्याच्या फुफ्फुसाबाहेर हवा कोंडली आहे, त्याची ती हवा फुगून फुफ्फुसास दाबूं लागते, व रुग्ण गुदमरतो. शिवाय उंचावर श्वासागणिक मिळणारा प्राणवायूहि कमी. यासाठीं अशा विमानांत प्राणवायूच्या नळकांड्या असतात, कोठीमध्यें हवेचा दाब यंत्रानें वाढवून राखलेला असतो, आणि कधीं कधीं डॉक्टर वैमानिकास मुद्दाम खालून उडावयास सांगतो. वर्गांत शिकलेला बॉइलचा नियम परीक्षेपुरता नाहीं; तो कळल्यावांचून वैमानिकास व डॉक्टरास एकमेकांशीं बोलतां येणार नाहीं.

आपला देश आणि आपला जिल्हा

आपल्या देशांत विमानानें प्रथम वाहिली ती टपाल. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस टपालाच्या पिशव्या आणल्या. १९४९ सालीं सुरू झालेल्या रात्रीच्या टपालसेवेंत मुंबई, कलकत्ता, मद्रास व दिल्ली येथून निघालेलीं विमानें मध्यरात्रीं आपल्या शेजारच्या नागपुरास एकत्र येत, पिशव्यांची अदलाबदल करीत व पहांटेपूर्वीं परत फिरत. भारताच्या मध्यावर असण्याचा असा मान वऱ्हाड-नागपूर भागास मिळाला होता.

रुग्णसेवेंतहि आपल्याकडे विमानें उतरलीं आहेत. १९४७-४८ च्या काश्मीर-युद्धांत डाकोटा विमानांनीं सैन्य व अन्न आंत नेलें आणि जखमी व निर्वासित बाहेर आणले. २०२१ च्या नोव्हेंबरांत पालघर जिल्ह्यांत जव्हारहून झाप या गांवीं सुमारें तीनशें लशी मनुष्यविरहित लहान विमानानें, म्हणजे ड्रोननें, सुमारें दहा मिनिटांत पोहोंचविण्यांत आल्या. २०२४ च्या ऑक्टोबरांत हृषीकेश येथील एम्स रुग्णालयानें डोंगरी भागांतील रुग्णांसाठीं हेलिकॉप्टरची सेवा सुरू केली. आणि आपल्याच जिल्ह्यांत, २२ जुलै २०२३ रोजीं, महागांव तालुक्यांतील आनंदनगर तांडा पुराच्या पाण्यानें वेढला गेला तेव्हां अडकलेल्या लोकांसाठीं वायुदलाच्या हेलिकॉप्टरांस पाचारण करण्यांत आलें होतें. तेव्हां आकाशांतून मदत येणें ही यवतमाळच्या मुलांस केवळ पुस्तकांतील गोष्ट नव्हे.

तथापि ऑस्ट्रेलियाचा कित्ता जसाच्या तसा गिरविणें आपल्याला सोयीचें नाहीं, हेंहि समजून घ्यावें. तेथें घरें विरळ, म्हणून वैद्यानें उडावें. आपल्या जिल्ह्यांत २०११ च्या जनगणनेप्रमाणें सत्तावीस लक्षांहून अधिक लोक आहेत. दर चौरस किलोमीटरास दोनशेंच्या वर. येथें गांव जवळ आहे, परंतु रुग्णालय दूर पडतें. वणी किंवा उमरखेडहून यवतमाळचें शासकीय रुग्णालय शंभर किलोमीटरांच्या आसपास. झरी-जामणीच्या रानांतील कोलाम पोडांपासून तर पक्की सडकच कांहीं अंतरावर. एवढ्या अंतरास विमान नको. चांगला रस्ता, वेळेवर रुग्णवाहिका आणि गांवांतच शहाणें माणूस हवें.

म्हणून त्या तीन वस्तूंचें आपल्याकडील रूप ओळखावें. ट्रेगरच्या पायटे-यंत्राची जागा आज प्रत्येकाच्या खिशांतील मोबाईलनें घेतली आहे. औषधपेटीची जागा गांवच्या आशाताईंच्या पिशवीनें व प्राथमिक आरोग्यकेंद्रानें घेतली आहे. आणि विमानाची जागा १०८ या क्रमांकावर येणाऱ्या रुग्णवाहिकेनें घेतली आहे. ती महाराष्ट्रांत २०१४ पासून धांवते आहे. साधनें तिन्ही आहेत. त्यांची सांखळी जुळली तर रुग्ण वांचतो; एक कडी निसटली तर डार्सीची गोष्ट पुन्हा घडते.

ही गोष्ट आपल्या जिल्ह्यास किती लागू आहे, हें पालकांस सांगावयास नको. २०१७ च्या पावसाळ्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन येथील कित्येक शेतकऱ्यांनीं व शेतमजुरांनीं प्राण गमावले. दरवर्षीं निंदणीच्या व वेंचणीच्या दिवसांत सापाचे दंश होतात. अशा वेळीं मांत्रिकाकडे, जखम कापण्यांत किंवा दोरीनें करकचून आवळण्यांत गेलेली घटका परत मिळत नाहीं. फवारणी करणाऱ्यास घाम सुटून डोळे चुरचुरूं लागले, मळमळूं लागलें, तर त्याचे विषानें भिजलेले कपडे काढून अंग साबणानें धुवावें, औषधाचा डबा सोबत घ्यावा व तडक रुग्णालय गांठावें. सर्पदंश झालेल्यास चालूं देऊं नये, दंशाचा अवयव हलूं देऊं नये, धीर द्यावा व सर्पविषावरील लस जेथें आहे तेथें न्यावें. हें ज्ञान पोस्टमास्तर टकेटजवळ होतें तेवढेंच आहे. पण टकेटजवळ नव्हतें तें वाहन आज आपल्याजवळ आहे.

संग्रहालय कसें पहावें

शेवटीं सहलीस जाणाऱ्या विद्यार्थ्यांस दोन शब्द. संग्रहालयांत शिरतांना एक वही व पेन्सिल जवळ ठेवावी. सर्वच वस्तु पाहण्याचा हव्यास धरूं नये. पांच वस्तु निवडाव्या व त्या नीट पहाव्या. प्रत्येक वस्तूस तीन प्रश्न विचारावे. ही वस्तु कोणती अडचण दूर करण्यास जन्मली? तिच्यापूर्वीं लोक काय करीत होते? आणि ती चालती ठेवण्यास कोणाकोणाचे हात लागत होते? पहिल्या प्रश्नानें विज्ञान कळतें, दुसऱ्यानें इतिहास कळतो, आणि तिसऱ्यानें मनुष्यधर्म कळतो. फलकावर वैमानिकाचें नांव असतें. परंतु विमानाचा खिळा तपासणारा कारागीर, बिनतारी यंत्रापाशीं रात्रभर जागणारा मनुष्य, पंखाखालीं दिवा धरून धांवपट्टी दाखविणारा शेतकरी यांचीं नांवें बहुधा नसतात. त्यांस मनांत वंदन करावें.

ज्यांस पुढें वैमानिक किंवा डॉक्टर व्हावयाचें असेल त्यांनीं तें अवश्य व्हावें. त्यासाठीं गणित व पदार्थविज्ञान यांची कास आजपासूनच धरावी. परंतु प्रत्येकास विमान चालवितां येईल असें नाहीं, आणि तशी गरजहि नाहीं. क्लिफर्ड पीलनें फक्त एक पत्र लिहिलें. ट्रेगरनें सायकलीचे पायटे एका पेटीस जोडले. मॅकेनें आपल्या कमाईंतील कांहीं भाग ठेवला. फ्लिन यांनीं एकच गोष्ट दहा वर्षें न थकतां सांगितली. या चौघांपैकीं कोणीहि एकटा असता, तर क्लॉनकरीचें विमान उडालें नसतें. आपल्या गांवीं रुग्णवाहिकेचा क्रमांक कोणत्या घराच्या भिंतीवर लिहिलेला आहे, आशाताई कोठें राहतात, नाल्याला पूर आला तर दुसरी वाट कोणती, एवढें तरी प्रत्येक विद्यार्थ्यानें या सुटींत माहीत करून घ्यावें, आणि घरांतील वडील माणसांस सांगावें. अंतर मोठें असतें हें खरें. परंतु तें तोडण्याची तयारी आधींपासून करून ठेवणाऱ्या माणसांपुढें तें नमतें, हाच उडत्या वैद्यांच्या इतिहासाचा धडा आहे.